नवा रेफरी एका रविवारात घडत नाही: कोल्हापूरच्या कुमार फुटबॉलवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर-जिल्ह्यातल्या शालेय आणि कुमार फुटबॉल स्पर्धांचे आयोजक, संघांचे प्रशिक्षक आणि टचलाइनवर उभे राहणारे पालक यांस,

सप्रेम नमस्कार.

"सर, रविवारी दोन रेफरी द्या. नवी पोरं असली तरी चालतील, तेरा वर्षांखालच्याच तर मॅचेस आहेत." स्पर्धेआधी तुमचा असा फोन येतो. स्पर्धा झाली की दुसरा येतो: "पोरगं शिकलेलं आहे, पण कॉन्फिडन्सच नाही हो. आवाज निघत नाही त्याचा." या दोन फोनांच्या मधल्या रविवारी मैदानावर काय घडतं, त्याबद्दल हे पत्र आहे.

मी आता सामने खेळवत नाही, नव्या मुलामुलींना हे काम शिकवतो. दरवर्षी पोरं येतात. फुटबॉलचे सतरा नियम वाचतात, लेखी परीक्षा देतात, पळण्याची चाचणी देतात, स्वतःच्या पैशानं शर्ट, शिट्टी आणि कार्डं घेतात. मोसम संपेपर्यंत त्यातली बरीच दिसेनाशी होतात. बारावी, नोकरी, पुण्याला जाणं ही कारणं असतातच. पण जी गावातच आहेत, संध्याकाळी मैदानावर खेळायलाही येतात आणि तरी शिट्टी हातात घेत नाहीत, त्यांना विचारलं की एकच ऐकू येतं: "शिव्या खायला कशाला जायचं, सर?" यावर मी काय सांगणार? सांगायचं ते तुम्हीच सांगू शकता.

तुम्ही म्हणता तो कॉन्फिडन्स आवाजातून येत नाही. छाती काढून चालणारी, खणखणीत आवाजाची पोरं मी पुष्कळ बघितली. पहिल्या पेनल्टीच्या वादाला त्यांचाच आवाज आधी बसतो. कॉन्फिडन्स तयार होतो सामन्याआधीच्या अर्ध्या-पाऊण तासात. रेफरी लवकर येऊन जाळीला भोक आहे का बघतो. हलवता येणारे गोलपोस्ट जमिनीला पक्के बांधलेत का, हे हातानं हलवून बघतो. असा पोस्ट अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना जगात घडल्या आहेत, त्यामुळं "एवढं काय तपासतोय" म्हणून हसण्याचा हा विषय नाही. बॉलमध्ये हवा किती, चुन्याच्या रेषा दिसतात का, प्रत्येकाच्या मोज्यात शिन गार्ड, म्हणजे नडगीचं संरक्षण, आहे का. मग रांगेत उभ्या पोरांच्या हातातलं कडं, गळ्यातली साखळी, कानातली बाळी. चौथा नियम स्पष्ट आहे: दागिना चालत नाही, आणि त्यावर चिकटपट्टी गुंडाळली तरी चालत नाही.

पहिला वाद होतो तो इथंच, सामना सुरू व्हायच्या आधी. "अरे बाळा, देवाचं कडं आहे ते. आजवर कुणी काढायला लावलं नाही." समोर चाळिशीचा बाप, इकडं सतरा वर्षांचं पोरगं. पोरानं सांगायचं एवढंच असतं, "काका, ते काढल्याशिवाय आत घेता येणार नाही," आणि तिथंच उभं राहायचं. पुढच्या तासाभरात त्याचं कोण किती ऐकणार, याचा निम्मा निकाल या जागी लागतो. प्रशिक्षकानं शेजारून "काढ रे ते, रेफरी सांगतोय ना" म्हटलं तर पोराचं काम सोपं होतं. त्याऐवजी तुम्ही "जाऊ दे हो, खेळू दे" म्हणता. अकरा पोरं ते ऐकत असतात.

दुसरा कॉन्फिडन्स पायात असतो. मोठ्या सामन्यात रेफरी दहा-बारा किलोमीटर पळतो, ते काही हौस म्हणून नव्हे. पंधरा मीटरवरून दिलेला चुकीचा फाऊलसुद्धा लोक पचवतात आणि चाळीस मीटरवरून दिलेल्या बरोबर फाऊलवरही आरडाओरडा होतो. म्हणून आम्ही शिकवतो की बॉलच्या मागं धावू नका, बॉल जिथं पडणार तिथं निघा. मैदानात तिरकं पळा, म्हणजे खेळ तुमच्या आणि लाइन्समनच्या, म्हणजे रेषेवर झेंडा घेऊन उभ्या सहायकाच्या, मधे राहील. आता तुम्हीच सांगा, तुमच्या स्पर्धेत लाइन्समन असतो कुठं? रेफरी एक. बाजूला उभा केलेला राखीव खेळाडू, हातात झेंड्याऐवजी रुमाल, तोही आपल्याच संघाकडं बघून वर होणारा. आणि तरी ऑफसाईड अचूक पाहिजे.

ऑफसाईडवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त घसा त्याच्यावर फाटतो. समोरच्यांच्या गोलरेषेला बॉलपेक्षा आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षा जवळ असलेला खेळाडू ऑफसाईड जागेवर असतो. बॉल ज्या क्षणी साथीदारानं खेळवला त्या क्षणी खेळाडू कुठं होता, हे बघायचं असतं. बॉल त्याच्याकडं पोचला तेव्हाची जागा बघायची नसते. तुम्ही बघता ती बहुतेक वेळा दुसरी. शिवाय तुम्ही उभे असता गोलपोस्टच्या मागच्या कोपऱ्यात, तिथून शेवटून दुसऱ्या खेळाडूची रेषा कुणालाच दिसत नाही, माझ्यासारख्याला सुद्धा. स्वतःच्या हाफमध्ये असलेला खेळाडू ऑफसाईड नसतो. थ्रो, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाईड नाही. नुसता ऑफसाईड जागेवर उभा राहणं हा गुन्हाच नाही, त्यानं खेळात भाग घेतला पाहिजे. म्हणून चांगला लाइन्समन झेंडा वर करायला क्षणभर थांबतो आणि त्या क्षणात तुम्ही त्याच्या आईबापाचा उद्धार करून मोकळे होता.

हँडबॉलचं तेच. "हात लागला!" ही अख्ख्या मैदानाची एकमुखी आरोळी. हाताला बॉल लागला म्हणजे फाऊल, असं नियमात कुठंही नाही. मुद्दाम खेळला का, किंवा शरीर विनाकारण मोठं करून हात पसरला होता का, हे बघायचं. गोल मारणाऱ्याच्या स्वतःच्या हाताला लागून गोल झाला तर मात्र चुकूनही चालत नाही. "आधी बॉलला पाय लागलाय!" हे तिसरं. लागला असेल. बॉल काढून पुढं त्याच पायानं समोरच्याची नडगी फोडली तर फाऊल होतोच. निष्काळजीपणा असेल तर नुसती फ्री किक, बेपर्वाई असेल तर पिवळं, गरजेपेक्षा जास्त ताकद लावून समोरच्याला धोका निर्माण केला तर लाल. ही तीन पायऱ्यांची शिडी आम्ही वर्गात घोकून घेतो.

आणि नियम बदलतात. २०१९ मध्ये ड्रॉप बॉल (थांबलेला खेळ रेफरी बॉल टाकून सुरू करतो तो) बदलला, गोलकिक बदलली. २०२५-२६ च्या नियमांत गोलकीपरनं बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. आधी सहा सेकंद होते आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे जिच्यावरून थेट गोल करता येत नाही अशी. रेफरी हात वर करून शेवटचे पाच सेकंद दाखवतो. हे पोरांना ठाऊक असतं, कारण परीक्षेला विचारतात. ज्या प्रशिक्षकानं स्वतः खेळणं सोडल्यावर नियमांचं पुस्तक उघडलेलं नाही, तो मात्र टचलाइनवरून त्यांना नियम शिकवतो.

शिट्टीबद्दल एक सांगतो, कारण तुमच्या "आवाज निघत नाही" या तक्रारीत तेवढं तथ्य आहे. नवी पोरं शिट्टी घाबरत मारतात. अर्धवट फुंकलेली शिट्टी म्हणजे वादाला आमंत्रण. किरकोळ फाऊलला आखूड, पेनल्टीला किंवा वाईट टॅकलला लांब आणि कडक, बॉल सरळ बाहेर गेला तर गरजच नाही. हे आम्ही मोकळ्या मैदानावर फुंकवून घेतो. शिट्टीनंतर हाताची दिशा ठाम, मान वर, आणि मग तोंड बंद. निर्णयाचं स्पष्टीकरण देत बसणारा रेफरी हरतो. पण कर्णधारानं नीट विचारलं तर एका वाक्यात सांगायला हरकत नाही. २०२४ च्या युरो स्पर्धेत फक्त कर्णधारानं रेफरीशी बोलायचं ही पद्धत राबवली गेली आणि आता ती नियमावलीत मार्गदर्शक सूचना म्हणून आली आहे. चौदा वर्षांच्या पोरांच्या सामन्यात ती वापरायला तुम्हाला कुणी अडवलंय? सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना बोलावून सांगा, बाकीच्यांनी लांब राहायचं. पहिल्याच स्पर्धेत फरक दिसेल.

निर्णय बदलण्याबद्दलही एक गैरसमज आहे. लाइन्समननं झेंडा हलवून सांगितलं आणि खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत रेफरीनं निर्णय फिरवला, तर ते नियमाला धरून आहे, त्यात कमकुवतपणा काही नाही. प्रशिक्षक ओरडला म्हणून फिरवला तर मात्र तो रेफरी त्या मैदानावरून संपला. पोरांना हा फरक कळतो. तुम्ही ओरडत राहता, कारण तो एखाद्या वेळी फिरवेल अशी आशा तुम्हाला असते.

आता आपल्या गावचा खास रोग. नवा रेफरी मैदानात उतरला की पहिला प्रश्न त्याच्या नियमज्ञानाचा नसतो. "कुठल्या पेठेचा रे हा?" मंगळवार पेठ की शिवाजी पेठ, पाटाकडील तालमीचा की दिलबहारचा, खंडोबाचा की बालगोपालचा, त्याचा मामा कुणाकडून खेळायचा, त्याच्या स्टेटसला फायनलच्या दिवशी कुठला झेंडा होता. ईर्षा हे कोल्हापूरच्या फुटबॉलचं इंधन आहे, मला ती प्यारी आहे, शाहू स्टेडियम भरतं ते तिच्यामुळंच. पण तेरा वर्षांच्या पोरांच्या सामन्यात रेफरीचं कूळ काढायचं? आयोजकांनी त्याच्या पेठेचा सामना त्याला देऊ नये, एवढी काळजी पुरेशी आहे. त्यानंतरही संशय घ्यायचा असेल तर इतिहास ऐका. इंग्लंडमध्ये सुरुवातीला प्रत्येक संघ आपला एक अंपायर घेऊन यायचा. दोघांचं जमेना म्हणून बाहेर तिसरा माणूस बसवला, तो रेफरी. शेवटी १८९१ मध्ये त्या त्रयस्थाला मैदानाच्या आत आणून सगळा अधिकार दिला आणि अंपायरना रेषेवर पाठवलं. आपापला माणूस आणून खेळ चालत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालंय. आपण १८९१ च्या मागं जायला नको.

आपले बहुतेक संघ तालमींचे आहेत, म्हणून तालमीच्याच भाषेत विचारतो. आखाड्यात नवं पोरगं आलं की वस्ताद पहिल्या दिवशी त्याला मोठ्या पैलवानाशी लावतो का? आधी माती, मग मेहनत, मग बरोबरीच्याशी जोड, आणि प्रत्येक वेळी वस्ताद कडेला उभा. रेफरीच्या बाबतीत हीच तालीम हा रिवाज विसरते. वर्ग संपल्यावर पुढच्या रविवारी पोरगं एकटं मधे, सकाळपासून एकामागून एक सामने, पाणी कुणी विचारत नाही, आणि शेवटचा सामना नेमका दोन हाडवैरी संघांचा.

मी मागतोय ते एवढंच: पहिल्या मोसमात नव्या रेफरीबरोबर एक जुना माणूस द्या. त्यानं शिट्टी घ्यायची नाही. टचलाइनवर उभं राहायचं, प्रशिक्षक पुढं सरसावला तर त्याला "माझ्याशी बोला" म्हणायचं, आणि मध्यंतराला पोराशी दोन मिनिटं बोलायचं. काय बोलायचं तेही सांगतो. "ती पेनल्टी का दिलीस?" असं विचारू नका. "तेव्हा तू कुठं उभा होतास?" असं विचारा. पोरगं स्वतःच सांगतं, "लांब होतो, सर." दुसऱ्या हाफमध्ये ते आपोआप जवळ जातं. सामन्यानंतर एक चांगली गोष्ट आणि सुधारायची एक गोष्ट, बस्स. दहा चुका एकदम सांगितल्या की अकरावी चूक म्हणजे ते पोरगं परत येत नाही. जुने रेफरी गावात भरपूर आहेत. त्यांना फायनलला हार घालायला बोलावता, तसं कधीतरी गटातल्या साध्या सामन्याला बोलवा.

प्रशिक्षकांना वेगळं सांगायला पाहिजे. २०१९ पासून पिवळं आणि लाल कार्ड तुम्हालाही दाखवता येतं. बाकावरून शिवी कुणी दिली हे रेफरीला कळलं नाही, तर तिथं हजर असलेल्या सगळ्यात वरिष्ठ प्रशिक्षकाला कार्ड मिळतं. नियमच तसा आहे. माझी पोरं हे कार्ड काढत नाहीत, कारण ज्यांना काढायचं त्यांच्याच हाताखाली ती कालपर्यंत खेळलेली असतात. "काय रे, मलाच कार्ड?" हे वाक्य त्यांच्या डोक्यात आधीच वाजत असतं. म्हणून आयोजकांनी स्पर्धेच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगावं की प्रशिक्षकाला कार्ड दाखवणाऱ्या रेफरीच्या पाठीशी समिती उभी राहील. हे सांगितलंत तर मोसमात एक-दोनदाच कार्ड निघेल आणि पुढं गरज पडणार नाही. न सांगता "खंबीर राहा रे" असा उपदेश त्या पोराला करू नका.

पालकांवर कार्ड चालत नाही. बाहेरच्या कुणाच्या हस्तक्षेपामुळं सामना थांबवायचा, तहकूब करायचा किंवा बंद करायचा अधिकार मात्र पाचव्या नियमानं रेफरीला दिलाय. तोही कुणी वापरत नाही. तुम्ही म्हणाल, ओरडलं तर काय बिघडलं, फुटबॉल आहे, देवळातलं कीर्तन नाही. मान्य. पोराला "शाब्बास" म्हणून ओरडा, "मार" म्हणून ओरडा, संघाच्या नावानं घसा बसवा. रेफरीचं नाव घेऊन, त्याच्या घरच्यांवर जाऊन ओरडणं वेगळं. ते कुठवर जातं ते २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये दिसलं. अल्मेरे या गावी कुमारांच्या सामन्यात एक बाप हौसेनं लाइन्समन म्हणून उभा होता, त्याचा मुलगा त्याच सामन्यात खेळत होता. सामना संपल्यावर पोरांनी त्याला लाथांनी मारलं, दुसऱ्या दिवशी तो गेला. शिक्षा झालेल्यांत बहुतेक पंधरा-सोळा वर्षांची पोरं होती आणि एका पोराचा बापही होता. ती पोरं काही गुंडांच्या टोळीतली नव्हती. शनिवार-रविवारी फुटबॉल खेळणारी होती, तुमच्या-माझ्या घरातल्यासारखी. इंग्लंडमध्ये काही जिल्हा संघटना अठरा वर्षांखालच्या रेफरीच्या दंडावर वेगळ्या रंगाची पट्टी बांधतात, म्हणजे समोर मूल आहे हे ओरडणाऱ्याला दिसावं. आपल्याकडं अशी पट्टी शिवायला किती खर्च येईल? एका फ्लेक्सच्या शंभराव्या भागाएवढाही नाही.

मुलींचं थोडक्यात. वर्गाला मुली येतात, नियमांत मुलांपेक्षा पक्क्या असतात, आणि तुम्ही त्यांना फक्त मुलींचे सामने देता, तेही वर्षातून मोजके. सामने नाहीत तर अनुभव कुठून येणार? २०२२ च्या विश्वचषकात जर्मनी विरुद्ध कोस्टा रिका हा पुरुषांचा सामना फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी खेळवला. आपल्या शेजारच्या गोव्याच्या उवेना फर्नांडिस आंतरराष्ट्रीय सहायक रेफरी म्हणून २०१६ च्या सतरा वर्षांखालच्या महिला विश्वचषकापर्यंत पोचल्या. त्यामुळं "मुलांच्या मॅचला मुलगी कशी?" हा प्रश्न आता विचारू नका. त्याऐवजी मैदानावर त्यांना कपडे बदलायला बंद दार असलेली खोली आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी नाही.

आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा आपण सगळ्यांनी कॉलर ताठ केली. तसा पुढचा पोरगा घडायला चांगले कुमार सामने लागतात आणि चांगल्या सामन्याला रेफरी लागतो. मी वर्ग घेतो, पळवतो, शिट्टी फुंकवून घेतो. माझ्या हातात एवढंच आहे.

पुढच्या स्पर्धेची बैठक बोलवाल तेव्हा विषयपत्रिकेवर हे घ्या: पहिल्या वर्षाच्या रेफरीला दिवसाला दोनच सामने, बरोबर एक जुना माणूस, दोन्ही बाजूंना खरे लाइन्समन, फक्त कर्णधारानं बोलायचं, आणि कार्डाबाबत समितीचा लेखी पाठिंबा. आणि मानधन त्याच दिवशी, मैदानावर, पाकिटात घालून. पोरांना पैशासाठी महिनाभर तुमच्या दुकानाच्या पायऱ्या झिजवायला लावू नका. बैठकीला मला बोलावलंत तर येतो.

आपला,
मैदानावरचा एक जुना रेफरी
कोल्हापूर